भिंतीत ओल येते कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओलीबद्दल विचारणारे बहुतेक जण पहिल्याच वाक्यात उपायाचे नाव घेतात. कोणते केमिकल मारू, कोणता रंग लावू, कोणत्या कंपनीचे वॉटरप्रूफिंग चांगले? पाणी येते कुठून, हे मात्र कोणी विचारत नाही. मग दुखणे म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार होतो. म्हणून इथे आधी कारणे, मग परिणाम आणि शेवटी उपाय, असा क्रम ठेवला आहे.

ओल म्हणजे नेमके काय? कोरडी भिंत पूर्ण कोरडी असते का?

नसते. वीट, गिलावा, काँक्रीट, दगड, लाकूड या सगळ्यांत बारीक छिद्रे असतात आणि त्यांत थोडे पाणी कायम असते. हवा दमट झाली की ते वाढते, कोरडी झाली की घटते. त्याने काही बिघडत नाही. जितके पाणी सुकते त्यापेक्षा जास्त आत येऊ लागले की ती भिंत ओली. हे पाणी पाच वाटांनी येते: पाऊस, जमीन, नळ आणि सांडपाण्याचे पाइप, हवेतली वाफ, आणि बांधताना वापरलेले पाणी. एका भिंतीत दोन वाटा एकदम चालू असणे नेहमीचे आहे, आणि बहुतेक दुरुस्त्या तिथेच फसतात. एक वाट बंद होते, दुसरी चालूच राहते आणि दोष केमिकलला दिला जातो.

आमच्या घरातली ओल कुठल्या प्रकारची, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

डाग कुठे आहे यापेक्षा तो कधी वाढतो, हे बघा. माझ्या मते सगळ्या निदानाची किल्ली हीच आहे.

पेन्सिल घ्या आणि डागाच्या कडेने बारीक रेघ मारून शेजारी तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा बघा. डाग रेघेबाहेर गेला असेल तर नवी रेघ, नवी तारीख. शक्य असेल तर मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. महिन्याभरात भिंतीवर नकाशासारखे काहीतरी तयार होते आणि ते कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त बोलके असते.

पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत डाग गडद झाला आणि उघडीप मिळाल्यावर फिका पडला, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, खिडकीतून किंवा गच्चीतून येत आहे. उन्हाळा असो की पावसाळा, डाग जसाच्या तसा असेल किंवा हळूहळू वाढतच असेल, तर पाण्याचा पाइप. अंघोळी, धुणीभांडी आटोपल्यावर वाढत असेल आणि घर आठ दिवस बंद राहिल्यावर सुकत असेल, तर बाथरूमची फरशी किंवा सांडपाण्याचा पाइप. भिंतीच्या तळापासून साधारण सरळ पट्ट्यात चढलेली, वरच्या कडेला पांढरी पावडर फुटलेली आणि आठवड्याने नव्हे तर ऋतूने बदलणारी ओल बहुधा जमिनीची. आणि थंडीच्या दिवसांत सकाळी कोपऱ्यात, खिडकीच्या काचेभोवती, कपाटामागे ठिपके ठिपके काळी बुरशी दिसते पण रंग फुगलेला नसतो, पांढरा क्षारही नसतो, तर ती हवेतल्या वाफेची करामत.

शंका राहिलीच तर एक सोपी चाचणी आहे. भिंतीवर दीड फुटाचा चौकोनी जाड प्लास्टिकचा कागद किंवा अॅल्युमिनियम फॉइल लावून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. एक-दोन दिवसांनी कागदाच्या खोलीकडच्या बाजूवर थेंब दिसले तर वाफ हवेतून येते आहे. कागदाखाली, भिंतीच्या बाजूला ओल साचली तर पाणी भिंतीच्या आतून येते आहे. पावडर पडणाऱ्या भिंतीवर पट्टी चिकटत नाही, त्यामुळे आधी तेवढी जागा कोरड्या ब्रशने झाडून घ्या.

डाग जिथे आहे तिथेच गळती असणार ना?

बरेचदा नसते. पाणी उताराने जाते आणि वाटेत जे सापडेल त्याचा आधार घेते. स्लॅबमध्ये शिरलेले पाणी सळईच्या कडेने किंवा विजेच्या पाइपातून चार-पाच फूट सरकते आणि पंख्याच्या हुकातून टपकते. हुकाजवळची जागा फोडून तिथे सिमेंट भरले, तर पाणी दुसरे भोक शोधते. छताला ठिपका दिसला की त्याच्या बरोबर वरची जागा बघाच, पण तिथून उताराच्या चढत्या बाजूला किमान दोन मीटरपर्यंत शोध घ्या.

जमिनीतले पाणी भिंतीत खरेच वर चढते का?

चढते. समईची वात जशी तेल ओढते तशीच विटेतली आणि सांध्यातली सूक्ष्म छिद्रे पाणी ओढतात. छिद्र जितके बारीक तितकी चढण जास्त. ०.०१ मिमी त्रिज्येच्या नळीत पाणी सिद्धांतानुसार जवळजवळ दीड मीटर चढते आणि त्याहून दहापट बारीक नळीत १५ मीटरच्या आसपास. प्रत्यक्ष भिंतीत मात्र वर चढता चढता दोन्ही बाजूंनी ते सुकत असते, त्यामुळे जमिनीची ओल बहुतेक घरांत मीटर-सव्वा मीटरच्या वर जात नाही. छाताडाएवढ्या उंचीच्या वर ओल असेल तर आधी पाइप आणि पाऊस यांच्याकडे बघा.

ही चढण अडवण्यासाठी जोत्याच्या पातळीला ओलरोधक थर घालतात. बांधकामावरचे लोक त्याला डीपीसी म्हणतात. थर असूनही ओल आली तर तो फाटला असेलच असे नाही. बहुधा त्याला वळसा मिळालेला असतो. अंगणात भर घालून फरसबंदी वर घेतली, भिंतीलगत बागेची माती चढवली, बाहेरचा गिलावा थरावरून थेट जमिनीपर्यंत उतरवला, की पाण्याला पूल तयार होतो. अशा वेळी भिंतीत भोके पाडून रसायन भरण्याआधी फावडे घ्या आणि थराच्या खाली निदान १५ सेंमीपर्यंत भिंत मोकळी करा. जमिनीची ओल म्हणून ज्यावर खर्च होतो, त्यातली पुष्कळशी अशी किंवा तळाशी गळणाऱ्या पाइपाची असते.

पावसाचे पाणी एवढ्या जाड भिंतीतून आत कसे येते?

धड भिंतीतून सहसा येत नाही, सांध्यांतून येते. काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत जिथे भेटतात तिथे बारीक तडा जातो, कारण दोन्ही वस्तू उन्हाने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट, बाहेरून खाली उतरणाऱ्या पाइपांचे क्लँप, भिंतीत ठोकलेले खिळे आणि एसीच्या पाइपासाठी पाडलेले भोक, ही सगळी दारेच. केसाएवढी चीर किरकोळ वाटते, पण अशी चीर पाणी ओढून घेते आणि रुंद भेगेसारखी पटकन सुकत नाही. वारा सोबत असला की पाणी आडवे आत ढकलले जाते. म्हणूनच पावसाच्या वाऱ्याच्या तोंडावरची एकच भिंत ओली आणि बाकीच्या तिन्ही कोरड्या, असे चित्र दिसते.

एक छोटी गोष्ट तुमच्या खिडकीवर जाऊन बघा. छज्ज्याच्या खालच्या बाजूला, बाहेरच्या कडेपासून दोन-तीन सेंमी आत, बोटभर रुंदीची एक खाच असायला हवी. छज्ज्यावरून ओघळलेले पाणी कडेला चिकटून खालच्या बाजूने आत सरकत येते, त्या खाचेपाशी त्याला पुढे जाता येत नाही आणि ते टपकन खाली पडते. ही खाच घालायचीच राहिली असेल किंवा रंगाच्या थरांनी बुजली असेल, तर पाणी सरळ खिडकीच्या माथ्यापर्यंत येते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातले डाग अनेकदा एवढ्याशा खाचेमुळे पडतात. खिडकीच्या खालच्या पट्टीचा उतारही बाहेरच्या बाजूला हवा. तो आतल्या बाजूला असेल तर सिलिकॉन कितीही भरा.

गच्चीत कुठे बघायचे?

कडेला. मधला भाग लोक चकचकीत करून घेतात आणि गळती असते कठड्याच्या पायथ्याशी. फरशी आणि कठडा यांच्या कोपऱ्यात गोलाई, म्हणजे वाटा, काढलेला असतो. तो सुटला की पाणी तिथून थेट खालच्या भिंतीत उतरते. मग पाणी जाण्याची तोंडे बघा, त्यांच्याभोवतीची चीर बघा, पालापाचोळा काढा. पाऊस थांबल्यावर काही तासांनीही तळी साचलेली दिसत असतील तर उतार बिघडला आहे. १०० सेंमीला किमान १ सेंमी उतार हवाच, थोडा जास्त असला तर बरे. कठड्याचा माथाही विसरू नका. त्याला आतल्या बाजूला उतार आणि वरून चिरा नसलेला थर नसेल तर कठडा स्वतःच पाणी पितो.

वरच्या मजल्यावरच्या बाथरूममुळे आमच्या छताला ओल आहे. ते म्हणतात त्यांचे सगळे ठीक आहे. कसे ठरवायचे?

भांडण करण्याआधी चाचणी करा आणि ती दोघांनी मिळून करा. बाथरूममध्ये टाइल आहेत म्हणजे पाणी अडले, हा गैरसमज आहे. टाइल पाणी अडवते, तिच्या सांध्यातले सिमेंट अडवत नाही. सांधे झिजले की पाणी टाइलखालच्या भरावात उतरते. कित्येक ठिकाणी पाइप बसवता यावेत म्हणून तिथला स्लॅब खाली घेऊन वर विटांचे तुकडे वगैरे भर घातलेली असते. ती भर हौदासारखी भरते आणि मग सवडीने झिरपत राहते. त्यामुळे वरच्यांनी दोन दिवस बाथरूम वापरले नाही तरी खाली ओल दिसते आणि “बघा, आमचा संबंध नाही” असे म्हणायला त्यांना जागा मिळते.

शोध चार पायऱ्यांत घ्या आणि प्रत्येक पायरीनंतर खालचा डाग पेन्सिलीने आखा. आधी बाथरूमचा वापर बंद, पण पाण्याचा व्हॉल्व्ह चालू ठेवा. डाग कित्येक दिवस तसाच ओला राहिला किंवा वाढला, तर दाबाखालचा पाइप गळतो आहे. पाण्याचा मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा. सकाळी तो पुढे सरकलेला असेल तर पुरावा हातात आला. पाइप निर्दोष ठरला तर फरशी कोरडी ठेवून बादलीभर पाणी थेट जाळीतून सांडपाण्याच्या पाइपात ओता, असे तीन-चार वेळा. डाग हलला तर पाइपाचा सांधा किंवा जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी धरून ठेवणारे वळण. नाही हलला तर ट्रॅपचे तोंड बंद करा, फरशीवर बोटभर पाणी साचवा, पातळीची खूण करा आणि २४ ते ४८ तास थांबा. शेवटी फक्त भिंतीवर शॉवर सोडा. फरशी ठीक आणि भिंत दोषी, असेही निघते. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला तर कधी कधी खाली रंगीत थेंब येतो. पण भराव रंग गाळून घेतो, तेव्हा रंग आला नाही म्हणून कोणी निर्दोष ठरत नाही.

छताचे प्लास्टर आधीच लोंबत असेल किंवा सळ्या दिसत असतील तर पाणी साचवण्याची चाचणी करू नका.

पाऊस नाही, नळ नाही, तरी भिंतीला घाम का येतो?

हवा जितकी उबदार तितकी जास्त वाफ तिच्यात मावते. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम, २० अंशांना १७, १० अंशांना जेमतेम ९. उबदार, वाफाळ हवा थंड पृष्ठभागाला टेकली की जास्तीचे पाणी तिथेच सोडते. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत कुठलाही पृष्ठभाग १२ अंशांच्या खाली गेला की त्यावर दव धरणार. बुरशीला तर थेंबही लागत नाहीत. त्याच खोलीतली हवा १५ अंशांच्या भिंतीजवळ आली की तिची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर पोचते आणि बुरशीला तेवढे पुरते. म्हणून ती कपाटामागे, गादीखाली, बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यात धरते, जिथे हवा फिरत नाही आणि भिंत खोलीपेक्षा थंड असते.

ही वाफ आपणच तयार करतो. श्वास, घाम, अंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे. स्वयंपाकाचा एक किलो गॅस जळला की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. चार माणसांच्या घरात दिवसाला १० लिटरच्या आसपास पाणी हवेत जाणे सहज शक्य आहे.

उपाय साधे आहेत. बाथरूम आणि स्वयंपाकघरातला पंखा हवा घराबाहेर टाकणारा हवा, नुसता फिरवणारा नव्हे. अंघोळीनंतर तो १५-२० मिनिटे चालू आणि दार बंद. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे. कपडे आत वाळवायचेच असतील तर एका खोलीत, खिडकी उघडून. आणि आधीच ओली असलेली भिंत जास्त थंड पडते हेही लक्षात घ्या. छिद्रांतल्या हवेची जागा पाण्याने घेतली की उष्णता भराभर निसटते, कारण पाणी स्थिर हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेते. त्यामुळे गळतीमुळे ओल्या झालेल्या भिंतीवर वरून दवही धरते, आणि निदान करणारा गोंधळतो.

खिडक्या उघड्या ठेवल्या की ओल जाते, हे खरे का?

बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असेल तरच. थंडीत उघडा, फायदा होतो. दमट, गरम हवेच्या दिवसांत तळमजल्याच्या थंड फरशीवर बाहेरची हवा घेतली तर फरशीलाच घाम फुटतो. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र स्वस्तात मिळते. ते आत आणि बाहेर ठेवून बघा, पण टक्क्यांबरोबर तापमानही बघा. ३० अंशांचे ७० टक्के आणि २० अंशांचे ७० टक्के यांत पाण्याचा फरक जवळपास दुपटीजवळ जातो.

घर नवेकोरे आहे. तरी ओल?

सिमेंटच्या ५० किलोच्या एका पोत्यात सुमारे २५ लिटर पाणी घालतात आणि सिमेंटशी रासायनिक रीतीने बांधले जाते त्यातले निम्म्याहून कमी. शिवाय विटा भिजवल्या, गिलाव्यावर पाणी मारले. यातले बरेचसे पाणी महिनोन्महिने बाहेर पडत राहते. घाईने रंग मारून, दारे-खिडक्या लावून घर बंद केले तर ते पाणी रंगाखाली अडकते आणि फुगारे येतात. पहिल्या वर्षात दिसलेली, सगळीकडे सारखी पसरलेली आणि हळूहळू कमी होणारी ओल असेल तर हवा खेळती ठेवा आणि थांबा. एकाच जागी असेल आणि वाढत असेल तर थांबू नका.

भिंतीवर पांढरी पावडर येते, बोट लावले की झडते. हे काय?

क्षार. जुनी माणसे भिंतीला लोणा लागला म्हणतात. विटेत, वाळूत, सिमेंटमध्ये, मातीत असलेले क्षार पाण्यात विरघळून भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत येतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे उरतात. पृष्ठभागावर स्फटिक बनले तर नुसते वाईट दिसते. पृष्ठभागाच्या मागे, छिद्रांच्या आत बनले तर ते छिद्र फोडतात. सोडियम सल्फेट यात सगळ्यांत खोडकर. पाणी मिळाले की त्याचा एक रेणू पाण्याचे दहा रेणू घेऊन बसतो आणि आकारमान तिपटीच्या वर जाते. भिजणे-सुकणे चालू राहिले की वीट अक्षरशः भुकटी होऊन झडते. मोहेंजोदडोच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या भाजक्या विटांना आज सगळ्यांत मोठा उपद्रव याच क्षारांचा आहे.

पावडर कोरड्या ब्रशने झाडा आणि उचलून टाका. पाण्याने धुतली तर क्षार विरघळून परत आत जातात. आणखी एक खोच आहे. मिठासारखे काही क्षार हवेतूनच पाणी ओढतात. साधे मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाझरू लागते. त्यामुळे गळती पूर्ण बंद झाल्यावरही दमट दिवसांत तोच डाग पुन्हा ओला होतो आणि काम फसले असे वाटते. क्षार मुरलेला गिलावा काढूनच टाकावा लागतो, डागाच्या वरच्या कडेच्याही साधारण ३० सेंमी वरपर्यंत.

छताचे पोपडे पडून सळ्या दिसू लागल्या आहेत. प्लास्टर करून घेतले तर चालेल?

नाही. या पानावरचा सगळ्यांत गंभीर प्रश्न हाच आहे. चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा पीएच १२.५ च्या आसपास, आणि त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून हा पीएच ९ पर्यंत खाली आणतो. खारे पाणी किंवा समुद्राची वाळू असेल तर क्लोराइड तोच थर दुसऱ्या वाटेने मोडते. मग पाणी आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो, आणि काँक्रीट ताणाला कच्चे असल्याने ते आतून फुटते. कायम भिजलेल्यापेक्षा भिजते-सुकते काँक्रीट जास्त लवकर बिघडते.

आधी छतावर सळईच्या रेषेत सरळ चीर दिसते, तिच्यातून तांबूस ओघळ येतो, काठीने ठोकले की तिथे पोकळ आवाज येतो. या टप्प्यावरच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. दुरुस्तीत सळईच्या मागेपर्यंत खराब काँक्रीट काढतात, गंज पूर्ण घासतात, सळई फारच झिजली असेल तर जोडसळई घालतात, वरून संरक्षक लेप आणि पॉलिमर मॉर्टर देतात. आणि मुळात पाणी थांबवतात. नुसते प्लास्टर थापले तर गंज आत चालूच राहतो आणि पुढच्या वेळी जास्त मोठा तुकडा पडतो.

ओल आणि बुरशीमुळे खरेच आजार होतात का?

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांत श्वसनाच्या तक्रारी, दमा आणि श्वसनमार्गाचे संसर्ग जास्त आढळतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. लहान मुले, दमेकरी, ॲलर्जी असलेली माणसे आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना धोका जास्त. त्रास फक्त बुरशीच्या बीजाणूंचा नसतो. दमट घरात धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, जिवाणू वाढतात, ओल्या रंगातून आणि प्लायवूडमधून वायू सुटतात. “काळी बुरशी विषारी” ही भीती मात्र थोडी बाजूला ठेवा. रंगावरून जात कळत नाही, आणि हिरवी किंवा पांढरी असली तरी काढायचीच असते.

बुरशी काढायची कशी?

साधारण एक चौरस मीटरपर्यंतचा भाग असेल तर घरी करता येते. एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. कोरडी झाडू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडके टाकून द्या, भिंत पूर्ण वाळवा. ब्लीचने डाग पांढरा होतो म्हणून लोकांना ते आवडते, पण सच्छिद्र गिलाव्यात खोल गेलेले तंतू तसेच राहतात. वापरलेच तर ते ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. गादी, गालिचा, फायबर बोर्ड यांत बुरशी शिरली असेल तर सरळ टाकून द्या. घरात पाणी शिरले असेल तर २४ ते ४८ तासांत वस्तू वाळवल्या तर बुरशी सहसा धरत नाही.

लाकूड आणि वायरिंगचे काय?

लाकडातले पाणी वजनाच्या २० टक्क्यांच्या वर गेले आणि तिथेच राहिले की ते कुजू लागते. चौकटीचा तळ आणि भिंतीत गाडलेली टोके आधी जातात. वाळवीलाही ओल हवी असते, त्यामुळे वाळवी दिसली की गळती शोधा. स्विचबोर्डाजवळ ओल असेल तर त्या बोर्डाचा फ्यूज बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत हात लावू नका. पाऊस आला की विजेची गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर पडतो, असे होत असेल तर तो ब्रेकर काढायला सांगू नका. तो त्याचे काम करतो आहे.

आतून वॉटरप्रूफ रंग किंवा टाइल लावली तर?

पाणी बाहेरून येत असेल तर आतला थर म्हणजे बाटलीचे बूच. पाणी आत कोंडते, वर चढते, शेजारच्या खोलीत निघते किंवा रंगालाच ढकलून पोपडे पाडते. पाणी ज्या बाजूने येते त्याच बाजूला अडवायचे, हा नियम. तळघरासारख्या जागी बाहेरून पोचताच येत नाही, तेव्हा आतून दाब सहन करणारे खास लेप वापरतात, पण ते काम जाणकाराचे. टाइल, लाकडी पॅनेल, वॉलपेपर यांनी ओल झाकली तर काही दिवस शांतता मिळते आणि मागे बुरशीची शेती होते.

जुने दगडी, चुन्याचे घर आहे. सिमेंटचा गिलावा केल्यावर ओल वाढली. असे का?

चुन्याचा गिलावा वाफ बाहेर जाऊ देतो. पाणी येत होते, पण सुकतही होते. सिमेंटच्या घट्ट थराने सुकण्याची वाट बंद केली, म्हणून पाणी आणखी वर चढले. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचा किंवा वाफ जाऊ देणारा रंग द्या. दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटीही, चुन्यानेच भरा, नाहीतर सांधे राहतात आणि दगडाच्या कडा झडतात.

मॉइश्चर मीटर, डिह्युमिडिफायर, भिंतीला लावायची यंत्रे, यांचा उपयोग होतो का?

टोचण्याचा मीटर विजेला होणारा रोध मोजतो. भिंतीत क्षार असले तर तो कोरड्या भिंतीलाही ओली ठरवतो. एक आकडा निरर्थक, त्याच जागेचे महिनाभराचे आकडे उपयोगी. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली वाफ ओढून घेणारे यंत्र, वाफेवर आणि पाणी शिरल्यानंतर वाळवण्यासाठी उत्तम, गळतीवर मात्र तो फक्त बादल्या भरत राहतो. “प्लग लावा, लहरींनी ओल परत जमिनीत जाईल” अशा डब्यांपासून मी तरी चार हात दूर राहीन.

दुरुस्तीनंतर नवा रंग कधी द्यायचा?

लोकांना वाटते त्यापेक्षा बऱ्याच उशिरा. जुना ठोकताळा असा की भिंतीच्या जाडीच्या दर २५ मिमीला सुकायला एक महिना. म्हणजे पूर्ण भिजलेल्या २३ सेंमीच्या भिंतीला नऊ महिनेही लागू शकतात. हवा खेळती असेल तर कमी. नव्या गिलाव्यावर निदान चार आठवडे काही लावू नका. पाहुणे येणार म्हणून घाई असेल तर पातळ चुना किंवा साधा डिस्टेंपर मारा, ऑइलपेंट आणि पुट्टी नंतर.

कामाचे दर मागवताना काय विचारू?

“पाणी कुठून येते आहे आणि ते तुम्हाला कशावरून कळले?” उत्तरात केमिकलचे नाव आले तर पुढच्या माणसाला बोलवा. मग विचारा की काम झाल्यावर पाणी साचवून किंवा मारून चाचणी करणार का, आणि ती फरशी बसवण्याआधी करणार की नंतर. आधी हवी. नंतर गळती निघाली तर नवी फरशी फोडावी लागते. हमी किती वर्षांची यापेक्षा हमी कशाची, हे लिहून घ्या. “सामानाची” हमी असेल तर गळती पुन्हा आल्यावर तुम्हाला नवा डबा मिळेल, मजुरी तुमचीच. आणि तुमच्या पेन्सिलीच्या रेघा, तारखा आणि फोटो त्यांना पहिल्याच भेटीत दाखवा.